गंगेकडे तोंड करून : वहीतल्या एकवीस ओळींवरचं भाष्य

ज्या मजकुरावर हे भाष्य लिहितो आहे तो कुठं छापलेला नाही. दोनशे पानी वहीत मीच लिहिलेल्या एकवीस ओळी आहेत. शिवाय आरंभाची एक आणि शेवटाची एक. अंबाजोगाईत शाळेत असताना कराटेचं एक इंग्रजी पुस्तक पंधरा दिवसांसाठी हाती आलं. शिकवणारं कुणी ओळखीचं नव्हतं. म्हणून त्यातल्या ‘हेइआन शोदान’ या कात्याची छायाचित्रं बघत, दर हालचालीला एक ओळ या हिशेबानं, मी तो काता माझ्या शब्दांत उतरवून घेतला. पुस्तक परत गेलं, वही राहिली. त्या वहीवरून तीन वर्षं घराच्या माळवदावर काता केला. आज ती उघडली की प्रत्येक ओळीला काहीतरी जोडावंसं वाटतं.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या दिशांना करायच्या हालचालींची मालिका. समोर कुणी नसतं, तरी प्रत्येक हात कुणाच्या तरी हल्ल्याला उत्तर असतो. तो पाठ राहावा इतका आटोपशीर असतो आणि स्वतःचा अर्थ सांगत नाही. आपल्याकडे अशा रचनेला सूत्र म्हणतात, आणि सूत्र आलं की भाष्य आलंच. अंबाजोगाईच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मुकुंदराजांची समाधी इथं आहे. गीतेवर ‘गीतार्णव’ हा अफाट टीकाग्रंथ रचणारे दासोपंत इथलेच. त्याच दासोपंतांनी लांबलचक कापडावर, पासोडीवर, पंचीकरणाचा विचार ओव्या आणि आकृत्यांनी मांडून ठेवला. नुसत्या शब्दांनी भागत नाही तिथं रेघा ओढाव्या लागतात, हे या गावात चारशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आधी पाठभेद. ज्या कात्याला माझ्या वहीत ‘हेइआन शोदान’, म्हणजे पहिला, असं नाव आहे, तोच काता दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात ‘पिनान निदान’, म्हणजे दुसरा, म्हणून सापडेल. चूक कुणाचीच नाही. ओकिनावातल्या इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी पिनान नावाचे पाच काते बसवले. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी जपानच्या मुख्य भूमीवर शिकवताना पहिल्या दोहोंचा क्रम उलटा केला आणि नावाचा उच्चारही बदलला. लिहिण्याची अक्षरं मात्र तीच. ओकिनावात पिनान वाचतात, तोक्योत हेइआन. पुस्तकावरून शिकणाऱ्याला हे कुणी सांगितलं नाही, तर दोन पुस्तकं मिळाल्यावर तो एकाऐवजी दोन काते शिकल्याच्या समजुतीत राहतो.

आरंभ : गंगेकडे तोंड करून उभं राहा. पाय खांद्याएवढे. मुठी मांड्यांसमोर.

‘गंगा’ म्हणजे गोदावरी. आमच्या भागात तिला दुसरं नाव कुणी घेत नाही. ती जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून वाहते. अंबाजोगाईपासून दूर आहे, पण उत्तर म्हटलं की गंगाच. पुस्तकात गंगा नव्हती, ‘समोर’ होतं. अडचण अशी की छायाचित्रातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा. त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे. पहिले दोन दिवस ‘डावीकडे’ वाचून मी चित्रातल्या माणसाच्या डावीकडे, म्हणजे नेमका उलटा, वळत होतो. मग डावं-उजवं हे शब्द दिशांसाठी वापरायचंच सोडलं आणि गावं घातली : डावीकडे पश्चिमेला केज, उजवीकडे पूर्वेला अहमदपूर, पाठीमागं लातूर. अंग कितीही फिरलं तरी केज जागचं हलत नाही.

जपानी परंपरेत कात्यानं जमिनीवर आखलेल्या या मार्गाला ‘एम्बुसेन’ म्हणतात. या कात्याचा मार्ग दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारा एक उभा दांडा असा आहे.

ओळ १ : केजकडे वळ. डावा पाय पुढं, गुडघा वाकवून. डाव्या हातानं खाली अडव.

‘अडव’ हा शब्द मी इंग्रजीवरून घेतला आणि तो मला बराच काळ नडला. मूळ नाव ‘गेदान बाराई’. गेदान म्हणजे खालचा भाग. बाराई म्हणजे झाडणं, झटकून बाजूला सारणं. अंगणात झाडू मारताना कुणी कचरा अडवत नाही, लोटतो. अडवणारा हात पुढं जाऊन थांबतो आणि हाडाला हाड लागतं. झाडणारा हात विरुद्ध खांद्यापासून निघतो, तिरपा खाली येतो, आणि त्याच वेळी दुसरी मूठ कमरेशी ओढली जाते. छायाचित्रात फक्त शेवट दिसतो : गुडघ्याच्या वर सरळ झालेला हात. तो कुठून आला हे दिसत नाही. मी तीन वर्षं तो हात पोटापासून थेट खाली नेत होतो. शेवटची आकृती हुबेहूब पुस्तकासारखी व्हायची, आणि तिच्यात जोर नसायचा.

या भाष्याचा विषयच हा आहे. दोन छायाचित्रांच्या मध्ये जी कोरी जागा असते, काता तिथं घडतो. पुस्तक मुक्काम सांगतं, वाट नाही. वाट दाखवायचा प्रयत्न पुस्तकं करतात, आणि चांगली पुस्तकं मनापासून करतात. फुनाकोशींचं पहिलं पुस्तक १९२२ साली निघालं तेव्हा त्यात रेखाचित्रं होती. पुढच्याच वर्षीच्या कान्तो भूकंपात त्याचे छपाईचे ठसे नष्ट झाले. १९२५ ची सुधारित आवृत्ती आली ती छायाचित्रांसह, आणि १९३५ मध्ये ‘कराटे-दो क्योहान’. त्यांच्या शिष्यांपैकी नाकायामा मासातोशी यांनी ‘बेस्ट कराटे’ मालिकेचा पाचवा खंड हेइआन आणि तेक्की कात्यांना दिला. तिथं हालचालींच्या मधल्या अवस्थाही येतात, पावलांचे ठसे आणि बाणही येतात. मराठीतही शरीर कागदावर उतरवण्याचा उद्योग जुना आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ कुणी चाळला, तर कुस्तीचे डाव आणि मल्लखांबाच्या पकडी शब्दांत बसवताना ती माणसं किती झटली हे कळतं. माझ्या हातातल्या पुस्तकात मात्र हालचालीला एक चित्र होतं.

ओळ २ : उजवा पाय पुढं टाक. उजवा ठोसा, छातीच्या उंचीवर.

‘टाक’ हा शब्द चुकला होता, आणि तो पुस्तकानं नाही, माळवदानं दुरुस्त केला. माळवद म्हणजे लाकडी सरांवर पांढरी माती थापलेलं सपाट छप्पर. त्यावर पाय जोरात टाकला की खाली ओसरीत माती गळते. आई दळण निवडत बसलेली असे. तिनं एकदाच वर हाक मारली, “अरे, पिठात माती पडायलीय!” तेव्हापासून पाऊल उचलून टाकणं बंद झालं. तळवा मातीला जवळजवळ लागूनच सरकायचा, गुडघा वाकलेलाच राहायचा, त्यामुळं डोकं वरखाली होत नसे. पुढं कळलं की हीच योग्य रीत आहे. मागचा पाय आधी दुसऱ्या पायाच्या जवळ येतो, मग पुढं जातो, आणि कंबर एका पातळीत वाहते. छायाचित्रात पाय सरकत आला की आदळत आला हे कळायला मार्ग नाही. मातीला कळतं.

ठोशाचं नाव ‘ओइ-झुकी’, म्हणजे पाठलाग करणारा ठोसा. मागं सरणाऱ्याच्या मागं पाऊल टाकत जाणं त्यात आहे. वहीत नुसता ‘ठोसा’ आहे. अर्ध्याहून अधिक अर्थ गळाला.

ओळ ३ : मागं वळ, अहमदपूरकडे. उजव्या हातानं खाली अडव.

कोणता पाय हलवायचा हे ओळीत नाही. उजवा हलतो, आणि तोंड गंगेकडून फिरत अहमदपूरकडे येतं. पाय नुसता सरळ मागं नेऊन भागत नाही. तो आडवाही न्यावा लागतो, नाहीतर दोन्ही टाचा एका रेघेत येतात आणि माणूस कुणी फुंकर मारली तरी कलंडतो.

ओळ ४ : तोच हात सोडवून घे. वरून गोल आण, मूठ हातोड्यासारखी.

एकवीस ओळींत मला सर्वांत आवडणारी ही ओळ. ‘सोडवून घे’ हे दोन शब्द चित्रात नव्हते. पुस्तकातल्या एका वाक्यावरून मनगट कुणीतरी धरलं आहे एवढं उमगलं आणि मी ते लिहून ठेवलं. या शब्दांमुळं ही एकच हालचाल मला पहिल्यापासून बरी जमली. पुढचा पाय थोडा मागं येतो, अंग किंचित वर उठतं, मनगट वळून हिसडा बसतो, आणि सुटलेली मूठ वरून खाली घणासारखी येते. नावच ‘तेत्सुइ’, लोखंडी हातोडा. समोरचा काय करतो आहे हे कळलं की अंग मधली वाट स्वतः शोधतं. उरलेल्या वीस ओळींत समोरचा माणूस मी लिहिलाच नव्हता.

कात्याच्या हालचालींमागचा समोरचा माणूस शोधून काढण्याला ‘बुनकाई’ म्हणतात. आमच्या जिल्ह्यात या गोष्टीला एक जुना शेजार आहे. गेवराई तालुक्यात गंगेच्या काठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. त्या पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी हाती आली तरी किल्ली शिकवणाऱ्याकडेच. चक्रधरस्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ केसोबासांनी निवडून काढला, आणि कोणतं वचन कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून आलं हे सांगण्यासाठी पुढच्या पिढ्या खपल्या. प्रसंग हरवला की वचन नुसतं पाठ होतं. हातांचंही तसंच.

ओळी ५ व ६ : डावा पाय पुढं, डावा ठोसा. मग गंगेकडे वळ, डाव्या हातानं खाली अडव.

इथं वहीत काही उणं नाही. पहिली आडवी रेघ संपली, उभा दांडा सुरू झाला.

ओळी ७, ८, ९ : पुढं पाऊल, वर अडव. असं तीनदा. तिसऱ्याला ओरड.

‘आगे-उके’. आगे म्हणजे वर उचलणं. उके ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ घेणं, स्वीकारणं. पुन्हा एकदा ‘अडव’ हा शब्द अपुरा. चेंडू झेलणारा हात चेंडूला आडवा जात नाही, त्याच्याबरोबर थोडा जातो. दोन्ही हात हनुवटीसमोर एकमेकांना छेदतात. एक वर चढतो, एक कमरेकडे उतरतो. उतरणारा हात आधी उघडा असतो, काही धरल्यासारखा. हे छेदणं छायाचित्रात चेहऱ्यासमोर क्षणभर असणार, म्हणून ते तिथं नाहीच. मी एक हात आधी खाली सोडत होतो आणि दुसरा मग वर नेत होतो. मधल्या निमिषात तोंड उघडं पडत होतं.

‘ओरड’ हा शब्द वाचून मला आज वाईट वाटतं, कारण त्यानं मला गळ्यातून ओरडायला लावलं. ‘कियाई’ गळ्यातून येत नाही. तो श्वास आहे. पोट आवळलं जाताना जो बाहेर पडतो त्याला आवाज असतो, इतकंच. हे मला पुस्तकानं सांगितलं नाही, नंतरच्या वर्गातही नीट कळलं नाही. कळलं ते कारखान्याच्या फडात. आमच्या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मोळी डोक्यावर चढवताना, फळीवरून ट्रकवर चालत जाताना बाईच्या तोंडून जो ‘हं’ निघतो तो खरा कियाई. तो ठरवून काढलेला नसतो. भार आणि श्वास एकाच क्षणी येतात म्हणून निघतो.

ओळ १० : अहमदपूरकडे वळ. डावा पाय पुढं. डाव्या हातानं खाली अडव.

या एका ओळीनं माझी तीन वर्षं नेली. नववी हालचाल संपते तेव्हा तोंड गंगेकडे, उजवा पाय पुढं. दहावी संपते तेव्हा तोंड अहमदपूरकडे, डावा पाय पुढं. उत्तरेकडून पूर्वेकडे जायचं तर उजवीकडे काटकोनात वळायचं आणि डावं पाऊल पुढं घ्यायचं. मी तेच केलं. शेवटचं चित्र जुळलं. पाय पडायची जागासुद्धा जुळली.

प्रत्यक्षात काता लांबून जातो. उजव्या पायावर फिरून, डावा पाय पाठीमागून नेत, केज, लातूर आणि मग अहमदपूर असं डावीकडून पाऊण वर्तुळ घ्यायचं : ९० अंशांऐवजी २७०, आणि उलट्या बाजूनं. आरंभ तोच, शेवट तोच, जमिनीवरची खूणही तीच. दोन चित्रांवरून कुणीही हे ओळखू शकणार नाही. बाण असता तर कळलं असतं. पुढं औरंगाबादला शिकायला गेलो आणि वर्गात पहिल्यांदा काता करून दाखवला, तेव्हा सरांनी दहाव्या हालचालीला हात वर केला.

“थांब. हे कुणाकडून शिकलास?”

“सर, पुस्तकावरून.”

ते हसले नाहीत. माझ्या समोर येऊन उभे राहिले, माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि म्हणाले, “आता डावीकडून फिर.” फिरलो तसा माझा पाठीचा भाग त्यांच्या पोटाला टेकला आणि त्यांचा तोल माझ्यावरून पुढं यायला लागला.

आक्षेप घेणारा इथं म्हणेल : बघा, गुरूवाचून होत नाही हेच सिद्ध झालं. मला तसं वाटत नाही. वर्गातल्या इतर मुलांना ते वळण पहिल्या दिवसापासून बरोबर येत होतं, पण ते लांबून का घ्यायचं हा प्रश्न त्यांना पडलेला मी पाहिला नाही. मला तो त्याच क्षणी पडला, कारण मी आखूड वाट तीन वर्षं चालून आलो होतो. गुरूनं वाट दिली. वाट दोन असू शकतात हे वहीनं दिलं होतं.

लांबून का, याचं माझं समाधान असं. वर गेलेला हात समोरच्याच्या हाताखाली शिरला आहे असं धरा. उजवीकडे वळलात तर तो सुटतो. डावीकडून, आपली पाठ त्याच्याकडे करत आत शिरलात, तर तो तुमच्या पाठीवर येतो. कुस्तीतला धोबीपछाड जवळजवळ हाच. कात्यातली अशी मोठी वळणं म्हणजे फेक, असं वाचणारे जाणकार कराटेतही पुष्कळ आहेत. गोल्ड कोस्टच्या २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण मिळवणाऱ्या राहुल आवारेंच्या जिल्ह्यात वाढलेल्या पोराला तो डाव जत्रेतल्या फडावर कितीदा तरी दिसलेला होता. तो कात्यातही असेल हे मनात आलं नाही, कारण मी हालचालींकडे चित्रं म्हणून बघत होतो.

ओळी ११ ते १३ : उजवा ठोसा. मागं केजकडे वळ, उजव्या हातानं खाली. डावा ठोसा.

पहिल्या रेघेचीच आवृत्ती, हातोडा वगळून. तो इथं का नाही याचं पटणारं कारण मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

ओळी १४ ते १७ : लातूरकडे वळ, डाव्या हातानं खाली. तीन पावलं, तीन ठोसे. तिसऱ्याला ओरड.

उभ्या दांड्यावरून परतीचा प्रवास. जाताना तीन पावलं हात वर, येताना तीन पावलं ठोसे. पावलं सारखीच असायला हवीत. ती माझी सारखी नव्हती. त्याबद्दल शेवटच्या ओळीत.

ओळ १८ : केजकडे वळ. हात उघडे. वजन मागच्या पायावर.

पुन्हा पाऊण वर्तुळ, पुन्हा डावीकडून. ही चूकही दहाव्या ओळीबरोबरच सुटली. नवं आहे ते ठाण. आतापर्यंत भार पुढच्या गुडघ्यावर होता, आता मागं गेला. हे ‘कोकुत्सु’. पुस्तकं प्रमाण देतात : मागच्या पायावर ७० टक्के, पुढच्यावर ३०. हे आकडे छायाचित्रात दिसत नाहीत आणि अंगाला टक्के कळत नाहीत. मी एक परीक्षा शोधली होती, ती वहीच्या समासात आहे : ‘पुढचा पाय उचलून बघ, अंग हललं तर चूक.’ पुढं पुष्कळ वर्गांत हीच परीक्षा घेताना पाहिली तेव्हा समास वाया गेला नाही असं वाटलं. हाताचं नाव ‘शुतो’, हाताची तलवार. करंगळीकडची कड धारेसारखी. वहीत फक्त ‘उघडे’.

ठाणांचीही पाठपरंपरा आहे. शोतोकान घराण्यातली आजची लांब, खोल ठाणं फुनाकोशींचे पुत्र गिगो यांच्या काळात रुळली. जुनी याहून आखूड होती. म्हणून दोन काळांतल्या पुस्तकांत पावलांतलं अंतर जुळत नाही, आणि कुठलं बरोबर हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

ओळी १९, २०, २१ : उजवा पाय तिरपा, धारूरच्या अंगानं. मग अहमदपूरकडे वळ, उजवा हात. मग डावा पाय तिरपा, परळीकडे.

धारूर नेमकं वायव्येला नाही, बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळं एकोणिसावी हालचाल माझी कायम हवी त्याहून डावीकडे पडायची. परळी मात्र अंबाजोगाईच्या जवळजवळ बरोब्बर ईशान्येला. एकविसावी हालचाल कुणीही कधी दुरुस्त केली नाही. तिचं श्रेय मी वैजनाथाला देतो.

शेवट : डावा पाय मागं घे. गंगेकडे तोंड. जिथून निघालास तिथंच आहेस का बघ.

हे शेवटचं वाक्य पुस्तकातून घेतलं होतं की मीच घातलं, आठवत नाही. काता जिथं सुरू होतो तिथंच संपतो. मी माळवदावर चुन्याची फुली काढली होती आणि रोज शेवटी तिच्यापासूनचं अंतर वितीनं मोजून वहीच्या मागच्या पानावर लिहीत होतो. मी फुलीच्या पलीकडे, लातूरच्या बाजूला, संपत होतो. म्हणजे परतीची तीन पावलं जातानाच्या तीन पावलांहून लांब पडत होती : झेलताना मी आखडत होतो, मारताना हपापत होतो. आरसा नव्हता, सर नव्हते, कुणी बघत नव्हतं. त्या पानावरचे आकडे असे आहेत : दीड वीत, दीड वीत, दोन, दीड, एक. मधे पावसाळ्याचे दोन महिने कोरे, माळवद ओलं म्हणून. मग एक, एक, चार बोटं, एक, चार बोटं, तीन बोटं.